मागची बाजू वाचताना : रोजच्या प्रसाधनांविषयीच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

अकरावीच्या ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयासाठी यंदा कोणता प्रकल्प घ्यावा, यावर आज वर्गात चर्चा झाली. दरवर्षीप्रमाणे झाडे, प्लॅस्टिक, शोषखड्डा असे विषय पुढे आले. मी मुलांना एकच प्रश्न विचारला : आज सकाळी उठल्यापासून कॉलेजात येईपर्यंत अंगाला, केसांना, दातांना काय काय लावले, ते लिहून काढा. कुणाच्या वहीत पाच वस्तू निघाल्या, कुणाच्या अकरा. पण त्यांपैकी एकाही वस्तूत काय असते, हे चाळीसपैकी एकालाही सांगता आले नाही. ती आपण कशासाठी लावतो, हे सांगतानाही जाहिरातीतलेच शब्द तोंडात येत होते. विषय तिथेच ठरला.

गटात सहा मुली आणि दोन मुलगे आहेत. पहिल्याच दिवशी आम्ही तीन गोष्टी ठरवून घेतल्या : कोणत्याही कंपनीचे नाव अहवालात यायचे नाही, कुणाच्या घरातील माणसाचा फोटो काढायचा नाही, आणि घरातल्या कुणालाही ‘हे वापरू नकोस’ असे आधीच सांगायचे नाही. आधी पाहायचे, मग वाचायचे आणि बोलायचे सर्वांत शेवटी.

१५ जुलै, सोमवार

प्रयोगशाळेतील लांब टेबलावर आज घराघरांतील रिकामी वेष्टने, पुड्या, डब्या आणि ट्यूब मांडल्या. साबणाचे कागद, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, टूथपेस्टच्या पिळून चपट्या झालेल्या नळ्या, टाल्कम पावडरचा डबा, केसांचे तेल, टिकल्यांची पाकिटे, कुंकवाची डबी, मिश्रीची पत्र्याची डबी, काळ्या मेंदीचे कोन, आणि एका मुलीने संकोचाने सगळ्यांत कडेला ठेवलेली एक छोटी ट्यूब. या ट्यूबकडे आज मी मुद्दामच लक्ष वेधले नाही.

दुपारभर आम्ही भिंग घेऊन मागची बाजू वाचली. समोरच्या बाजूवर मोगऱ्याची फुले, केशराचे तंतू, दुधाची धार आणि चकाकणारे केस असतात. मागे मात्र मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, आणि तेही बहुतेक वेळा इंग्रजीत, खरी माहिती असते. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निर्मिती परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावे ती मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. या यादीची किल्ली एकदा हाती आली की निम्मे काम होते : ज्या घटकाचे प्रमाण सर्वांत जास्त, तो सर्वांत आधी लिहिलेला असतो, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणजे समोर बदामाचे चित्र असलेल्या तेलाच्या बाटलीवर पहिले नाव खनिज तेलाचे आणि बदाम तेलाचे नाव सुगंधाच्या शेजारी असेल, तर आपण बदामाचे तेल विकत घेतलेले नाही. आमच्या टेबलावर अशी एक बाटली होती. खनिज तेल वाईट असते असे नाही. ते केसांवरून घसरते, चमक देते आणि सहसा त्रासही देत नाही. पण पैसे बदामाचे मोजायचे आणि घ्यायचे खनिज तेल, हा व्यवहार डोळे उघडे ठेवून कुणी करणार नाही.

एका मुलाने विचारले, “मॅडम, केमिकल नसलेलं कोणतं घ्यायचं?” मी फळ्यावर पाण्याचे, मिठाचे आणि हळदीतल्या कुर्क्युमिनचे रासायनिक सूत्र लिहिले. ‘केमिकल-फ्री’ या शब्दाला अर्थच नाही. खरे प्रश्न वेगळे आहेत : कोणते द्रव्य, किती प्रमाणात, कशासाठी आणि कुणाच्या त्वचेवर. टिकवणारे द्रव्य अजिबात न घातलेल्या, पाणी असलेल्या क्रीममध्ये बुरशी आणि जिवाणू वाढतात, हेही तितकेच खरे आहे.

टूथपेस्टच्या नळीच्या टोकावरील रंगीत पट्टीवरून हिरवी म्हणजे नैसर्गिक आणि काळी म्हणजे रासायनिक, असा निरोप चार घरांत मोबाइलवर आलेला होता. ती पट्टी कारखान्यातील यंत्राला नळी कुठे कापायची व दुमडायची हे दाखवणारी खूण असते. आत काय आहे त्याच्याशी तिचा काहीही संबंध नाही. हे आजच वर्गाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावले.

२२ जुलै, सोमवार

आजचा दिवस साबणाचा होता. आमच्या भागात बोअरचे पाणी जड आहे. साबण कितीही घासला तरी फेस धरत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा चिकट साका बसतो. गेल्या आठवड्यातील पावसाचे पाणी मुलांनी गच्चीवर स्वच्छ पातेल्यात धरून ठेवले होते. एका बाटलीत १०० मिलिलीटर पावसाचे पाणी आणि दुसऱ्या बाटलीत तेवढेच बोअरचे पाणी घेऊन दोहोंत साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने सोडले. पावसाच्या पाण्यात एक मिलिलीटरमध्येच टिकाऊ फेस आला. बोअरच्या पाण्यात तेरा मिलिलीटर द्रावण गेले, तेव्हा कुठे फेस थांबला आणि तोपर्यंत पाणी ताकासारखे गढूळ झाले. पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतात व न विरघळणारा साका तयार होतो. तोच साका डोक्यावर राहतो, आणि केस राठ झाले म्हणून आपण आणखी साबण लावतो.

शाम्पूचा फेस मात्र दोन्ही पाण्यांत जवळजवळ सारखाच आला, कारण तो साबण नसून वेगळ्या जातीचे धुणारे द्रव्य आहे. त्यामुळे आमची पहिली शिफारस अशी झाली : जड पाण्याच्या गावात केसांना अंगाचा साबण लावू नये, साबणाने धुतलेच, तर शेवटचा तांब्या पावसाच्या किंवा लिंबाचे चार थेंब टाकलेल्या पाण्याचा घ्यावा, म्हणजे साका कमी राहतो. एका मुलीची आजी हे वर्षानुवर्षे करत आली आहे. रसायनशास्त्राचे पुस्तक तिने उघडलेले नाही, पण तिचे म्हणणे पुस्तकाशी तंतोतंत जुळते.

साबणाच्या कागदांवर शोधायची संख्या म्हणजे टीएफएम, अर्थात एकूण स्निग्ध द्रव्याचे प्रमाण. भारतीय मानकांनुसार पहिल्या प्रतीच्या टॉयलेट सोपमध्ये ते किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावे लागते. ‘बेदिंग बार’ला ४० टक्केही पुरतात. आणलेल्या अकरा कागदांपैकी चार बेदिंग बारचे निघाले, आणि त्या चारही घरांत तो ‘चांगला साबण’ म्हणूनच घेतला जात होता. बेदिंग बारमध्ये काहींना सोसणारी सौम्य द्रव्येही असतात, त्यामुळे तो टाकाऊ ठरत नाही. मात्र साबण पाण्यात लवकर विरघळून संपतो ही तक्रार असेल, तर आधी ही संख्या पाहावी.

३० जुलै, मंगळवार

आज दातांचे. टूथपेस्टवर फ्लोराइडचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग असे, लिहिणे बंधनकारक आहे आणि आपल्याकडे त्याची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे. जाहिरातीत ब्रशभर लाट दाखवतात. मोठ्या माणसाला त्याच्या निम्मी पेस्ट पुरते, लहान मुलाला वाटाण्याएवढी आणि तीन वर्षांच्या आतील बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी. लहान मुले पेस्ट गिळतात, म्हणून हे माप महत्त्वाचे आहे. गावच्या विहिरींच्या पाण्यातही फ्लोराइड असू शकते, त्यामुळे पाण्याची तपासणी याच प्रकल्पात जोडून घेण्याचे ठरवले.

मिश्रीची डबी हा खरा विषय होता. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड दातांना चोळण्याची सवय आमच्या भागात बायकांमध्ये आजही आहे आणि घरोघरी तिला दंतमंजनच समजतात. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट व मंजनांवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. घरच्या तव्यापर्यंत मात्र ती पोचलेली नाही. मिश्रीतील निकोटीन हिरड्यांमधून थेट रक्तात जाते, त्यामुळे ती लावली नाही तर डोके दुखते, पोट साफ होत नाही, कशात लक्ष लागत नाही. आपल्याला ‘मंजन’ न लावल्याचा त्रास होतोय असे बाईला वाटते. प्रत्यक्षात ते व्यसन असते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका त्यातच दडलेला असतो.

ज्या मुलीने डबी आणली, तिच्या आजी चाळीस वर्षे मिश्री लावतात. मुलीला मी बजावले आहे की आजीला टाकून बोलायचे नाही. आधी दिवसातून किती वेळा लावतात ते मोजायचे, जेवणानंतरची एक वेळ कमी होते का ते पाहायचे, आणि तोंडात न भरणारी जखम किंवा पांढरा चट्टा दिसला तर त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यायचे.

८ ऑगस्ट, गुरुवार

उद्या नागपंचमी असल्याने मुलींचे हात आजच रंगलेले होते. मेंदीच्या पानातील लॉसोन नावाचे रंगद्रव्य त्वचेला आधी नारिंगी आणि दुसऱ्या दिवशी गडद तपकिरी करते. ते कधीही तासाभरात काळेभोर होत नाही. ‘दहा मिनिटांत काळी’ अशा कोनांमध्ये बहुधा केसांच्या काळ्या रंगात असते तेच पॅराफेनिलीनडायअमीन मिसळलेले असते. त्याची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते. पुढे कधी केस काळे करायला गेले, तर डोके आणि चेहरा सुजतो.

केसांच्या अशा रंगांवर नियमाने इशारा छापावा लागतो : आधी चाचणी घ्यावी, आणि भुवया किंवा पापण्यांना रंग लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकते. हा इशारा इंग्रजीबरोबर स्थानिक भाषांतही हवा. आम्ही तो भिंगातून वाचला. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून २४ तास थांबायचे, असे त्यात सांगितलेले असते. गटातील आठही जणांच्या घरी कुणी ना कुणी केस रंगवते. चाचणी आजवर एकाही घरात झालेली नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार

टेबलाच्या कडेची ट्यूब आज त्या मुलीने स्वतःहून पुढे केली. तिच्या मोठ्या बहिणीला गेल्या वर्षी स्थळे पाहायला सुरुवात झाली. कुणीतरी सांगितले म्हणून औषधाच्या दुकानातून ही ‘गोरेपणाची क्रीम’ आणली. पहिल्या तीन आठवड्यांत चेहरा खरोखरच उजळला, पुटकुळ्या बसल्या, घरचे खूश झाले. दोन महिन्यांनी क्रीम संपली, तेव्हा गाल लाल झाले, चुलीसमोर बसले की आग होऊ लागली, हनुवटीवर लव दाट झाली. पुन्हा क्रीम लावली की बरे वाटे, म्हणून पुन्हा आणली. असे चौदा महिने चालले.

आम्ही ट्यूबची मागची बाजू वाचली : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. डाव्या कडेला लाल उभी रेघ आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना. हे प्रसाधन नव्हतेच. हे औषध होते. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. ते दाह दाबते आणि रंग फिका करते, म्हणून सुरुवातीला जादू वाटते, पण महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि क्रीम थांबवताच चेहरा पेटून उठतो. अशी मलमे मनमानी विकली जाऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये ती परिशिष्ट एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांत, घेण्यात आली. गजकर्णावर लावायच्या ‘तीन-इन-एक’ मलमांतही बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइडच असते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. वसतिगृहातील मुलांमध्ये हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे.

या नोंदीत मला दुकानदाराचे किंवा घराचे नाव लिहायचे नाही. पण मला मनापासून राग आला आहे, आणि तो त्या मुलीच्या बहिणीवर नाही. सावळ्या मुलीला लग्नाच्या बाजारात कमी लेखणारे आपण सगळे आहोत. १९७५ पासून घराघरांत असलेल्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० मध्ये नावातून गोरेपणाचा शब्द काढला. पाहण्याच्या कार्यक्रमातून तो शब्द अजून गेलेला नाही.

मुलीला सांगितले की क्रीम एकदम बंद करण्याचा किंवा पुन्हा लावण्याचा निर्णय घरी घ्यायचा नाही, ट्यूब सोबत घेऊन बहिणीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यायचे. शनिवारी त्या दोघींबरोबर मी जाणार आहे.

२४ ऑगस्ट, शनिवार

जाऊन आलो. उपचार काही महिने चालतील. डॉक्टरांनी साधा मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि गोळ्या दिल्या, बाकी सर्व बंद. ‘ट्यूब आणलीत हे फार बरे केलेत’, असे ते दोनदा म्हणाले. त्यांनी आणखी एका गोष्टीची आठवण करून दिली : ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता आणि घटकच नाहीत, तिच्यात पारा असू शकतो. डोळ्यांची प्रसाधने सोडल्यास आपल्या नियमांत पारा मुद्दाम घालायला परवानगी नाही. इतर प्रसाधनांत नकळत आलेल्या पाऱ्याची मर्यादाही केवळ १ पीपीएम आहे. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात बिननावाच्या गोरेपणाच्या क्रीम वापरणाऱ्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडाचा विकार आढळला होता.

४ सप्टेंबर, बुधवार

गौरी-गणपती तोंडावर आहेत, म्हणून टिकली आणि कुंकू. गटातील एका मुलीच्या आईच्या कपाळावर बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरट डाग आहे. तो झाकण्यासाठी त्या वर्षागणिक मोठी टिकली लावत गेल्या आणि डागही वाढत गेला. टिकलीच्या काही डिंकांत पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे द्रव्य असते, आणि ते त्वचेतील रंग तयार करणाऱ्या पेशींनाच मारते. रात्री टिकली काढून ठेवावी, जागा थोडी बदलत राहावी, आणि खाज सुटली की त्याच दिवशी ते पाकीट टाकून द्यावे. जुन्या बायका मेणावर कुंकू रेखत. त्या पद्धतीकडे परत जायला आम्हाला काहीच हरकत दिसली नाही.

मुलांनी हळदीत चुना कालवून लाल रंग करून पाहिला आणि लिंबू पिळून तो पुन्हा पिवळा केला. एकाने लगेच सुचवले की खरे कुंकू ओळखण्याची हीच चाचणी अहवालात घालू. मी ती घालू दिली नाही, कारण टाकणखार आणि लिंबाच्या रसात मुरवलेल्या हळकुंडांचे पारंपरिक कुंकू आम्लातच लाल होते, म्हणजे अस्सल कुंकू आमच्या चाचणीत खोटे ठरले असते. सोपी चाचणी सांगण्याचा मोह मोठा असतो, पण चुकीची चाचणी गावभर पसरते आणि परत घेता येत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

हिशेबाचा दिवस. पाच मिलिलीटरची शाम्पूची पुडी एक रुपयाला, म्हणजे मिलिलीटरला २० पैसे. १८० मिलिलीटरची बाटली १५३ रुपयांना, म्हणजे ८५ पैसे. पुडी महाग पडते असे मीच आजवर वर्गात सांगत आले होते. ते चुकीचे होते, हे मुलांसमोर कबूल केले. मात्र अनेक थरांची ही पुडी भंगारवाला घेत नाही, ती गटारात किंवा बांधावर जाते. मजुरी करणाऱ्या घराला चौपट दराची बाटली घ्या, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? यावर तासभर वाद झाला आणि उत्तर निघाले नाही. एवढे मात्र करून पाहिले की एक पुडी अर्ध्या तांब्या पाण्यात मिसळून घेतली, तर खांद्यापर्यंतचे केस दोनदा धुऊन होतात.

९ ऑक्टोबर, बुधवार

बचत गटाच्या बैठकीत मुलींनी वीसेक बायकांसमोर तक्ते लावून सगळे सांगितले. मिश्रीच्या तक्त्यापाशी शांतता होती. टिकलीच्या तक्त्यापाशी तिघीजणी कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. शेवटी एक मावशी म्हणाल्या, “पोरींनो, हे लावू नका, ते लावू नका झालं. मग आम्ही लावायचं तरी काय?” प्रश्न रास्त होता, आणि आमच्या तक्त्यांत त्याचे उत्तरच नव्हते.

त्यावर तिथेच बसून एक छोटी यादी केली : अंगाला एक चांगला साबण, केसांना आठवड्यातून एकदा-दोनदा शाम्पू, दातांना फ्लोराइडची पेस्ट, थंडीत अंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल तेल. उन्हासाठी सनस्क्रीन सुचवताना आम्ही थांबलो, कारण ती दोन बोटांवर भरून चेहऱ्याला व मानेला लावायची आणि दर दोन तासांनी पुन्हा लावायची, तरच तिचा पुरेपूर उपयोग होतो. सोयाबीन काढणाऱ्या बाईला ते परवडणार नाही आणि जमणारही नाही. पदर, लांब बाह्यांचा शर्ट आणि रुमाल हे त्या आधीपासून वापरतातच. ते पुरेसे चांगले आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे होते. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये यावर मात्र दोन आज्यांनी शेवटपर्यंत मान हलवली नाही.

निघताना मिश्रीची डबी आणणाऱ्या मुलीने कानात सांगितले की तिच्या आजींची मिश्री दिवसातून पाच वेळांवरून तीनवर आली आहे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीसाठी उटणे करून विकावे, अशी गटाची फार इच्छा होती. प्रसाधन तयार करून विकायला परवाना लागतो, आणि जे आपण चार महिने इतरांच्या पुडक्यांवर शोधत होतो, तोच क्रमांक आपल्या पुडक्यावर नसेल, हे मुलांनाच पटले नाही. म्हणून फक्त आठ घरांपुरते केले. मसूर डाळीचे पीठ ४०० ग्रॅम, मुलतानी माती २००, आंबेहळद १००, कचोरा ६०, नागरमोथा ५०, वाळा ४०, सुकवलेल्या गुलाबपाकळ्या ३० आणि प्राचार्यांनी दिलेल्या खोडावरून उगाळून वाळवलेले चंदन ४ ग्रॅम. वाळा दळताना प्रयोगशाळेत जो वास भरला, तो पुढच्या तासापर्यंत टिकला.

कागदी पाकिटे चिकटवून झाल्यावर मागच्या बाजूला काय लिहायचे यावर वाद झाला नाही. तयार केल्याची तारीख, दोन महिन्यांची मुदत, कोरडे ठेवण्याची सूचना, आधी कोपराच्या आत लावून पाहण्याची विनंती, आणि वजनाच्या उतरत्या क्रमाने आठ घटक. समोरच्या बाजूला एका मुलीने सुंदर अक्षरात ‘चंदन उटणे’ लिहायला घेतले होते. मागची यादी पूर्ण झाली, तेव्हा तिने ती एकदा वरपासून खालपर्यंत वाचली, चंदनाचे नाव शेवटच्या ओळीत पाहिले, आणि पाकीट उलटवून समोरचा ‘चंदन’ हा शब्द खोडून काढला.